विचारा धाकट्या वहिनीला

बातमी आली तेव्हा मी इंदुरातल्या विजय नगरच्या ऑफिसात होते. मीटिंग चालू होती, फोन पालथा ठेवला होता, आणि तो थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला म्हणून नाइलाजाने उचलला. नवरा एवढंच म्हणाला, "आत्या गेली." आणि मी त्याला विचारलं, "कुणी सांगितलं?" पलीकडे तो रडता रडता हसला असावा, कारण तो प्रश्न माझा नव्हता, आत्यांचाच होता. या घरात चौदा वर्षं काढल्यावर तो मला केव्हा चिकटला ते कळलंच नाही. दुपारचा चहा घेऊन त्या आडव्या झाल्या होत्या आणि पाचच्या सुमाराला सासूबाई उठवायला गेल्या तर... डॉक्टर येऊन गेले, नवरा स्वतः बघून आला, तरी घरी पोचेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. स्वतःच्या मरणावरसुद्धा त्यांनी सहजासहजी विश्वास ठेवला नसता.

नलूआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळी नोकरी इंदूरच्या स्टेशनवर, 'पूछताछ' अशी पाटी असलेल्या खिडकीमागे झाली. आमचं घर स्नेहलतागंजमध्ये, वारा इकडचा असला की स्टेशनची घोषणा ऐकू यावी इतकं जवळ. लोक विचारायचे, गाडी निघाली का? आत्या सांगायच्या, "मागच्या स्टेशनवरून निघाली असा फोन तर आला आहे, पण दिसेपर्यंत मानू नका." त्यांच्या या उत्तरांमुळे म्हणे काही लोक चिडायचे आणि काही पुढच्या वेळी मुद्दाम त्यांच्याच खिडकीशी यायचे. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, विचारपूस काही सुटली नाही. दूधवाला, केबलवाला, पेपरातलं राशिभविष्य, माझ्या माहेरून आलेलं लोणचं, सगळ्यांनी त्यांच्या खिडकीसमोर उभं राहूनच पुढं जायचं. पण त्यांचा सर्वांत मोठा संशय होता गाण्यांवर.

म्हणजे आरत्या, पाळणे, भजनं, मंगलाष्टका, मुलींची फेराची गाणी... ही सगळी कुणीतरी, कधीतरी, काहीतरी मतलबानं रचलेली असतात आणि नंतर त्यांना साधुसंतांचे कपडे चढवतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. आरतीच्या शेवटच्या ओळीत कवीचं नाव आलं की लोक हात जोडतात, आत्या भुवया जोडायच्या. "नाव घालायला काय लागतं? डब्यावर चिठ्ठी चिकटवली की आत साखर आहे असं होतं का?" बडा गणपती भागात आमच्या एका नातेवाइकांच्या गल्लीत लहानसं देऊळ आहे. तिथल्या आरतीत एक कडवं जास्तीचं म्हणतात, घंटा वाहणाऱ्याच्या कुळाचा उद्धार होवो अशा अर्थाचं. गल्लीची समजूत अशी की ते कडवं फार पुरातन, बाकीच्या गावांनी ते गमावलं आणि इंदूरनं तेवढं जपलं. आत्यांनी पुजाऱ्याकडून स्टूल मागवलं, साडी खोचून वर चढल्या आणि घंटेच्या आतल्या कडेवर कोरलेलं देणगीदाराचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. मग वरूनच म्हणाल्या, "आता समजलं न? घंटा याची, कडवं पण याचंच. देवाच्या आरतीत याची वरात कायको?" पुजारी हसला, देणगीदारांचा नातू मात्र आमच्याकडे हळदीकुंकवाला बायकोला पाठवेनासा झाला.

प्रत्येक वेळी त्यांचं बरोबर यायचं असं नाही हो. एकदा त्यांनी भजनी मंडळातल्या एका वयस्क बाईंना सगळ्यांच्या देखत सुनावलं की तुमच्या भजनाची चाल लग्नाच्या बँडवाल्यांची आहे, वरातीत घोड्यापुढं वाजते ती. त्या बाई रडवेल्या झाल्या. पुढं आमच्याच नात्यातल्या एका लग्नात आत्यांनी बँडमास्तरला गाठलं आणि चाल कुठून आणली म्हणून दरडावून विचारलं. तो बिचारा कानाला हात लावून म्हणाला, "माताजी, ये तो हमने भजन से ही उठाई. आपके मोहल्ले के मंदिर के सामने दुकान है हमारी." आम्ही सगळे आत्यांकडे बघत राहिलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "बँडवाले खोटं बोलतात." भजनवाल्या बाईंकडे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गेल्या, अर्धा किलो पेढे घेऊन. माफी मागितली असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, पेढे ताजे होते एवढंच म्हणाल्या.

मी मूळची वाईची. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा इथलं मराठी ऐकून पहिले काही दिवस माझी त्रेधा उडायची. 'मी स्वयंपाक करून राहिली' म्हणजे स्वयंपाक चाललाय, संपलेला नाही, हे कळायला वेळ लागला. घरात माणसं कमी, सासू-सासरे आणि आत्या. थोरले दीर-जाऊ भोपाळला, म्हणजे इथली धाकटी सून मीच. आल्या आल्या सासूबाईंनी घरातल्या चालीरीती सांगितल्या, त्यात एक अशी की आपल्याकडे शिऱ्यात बेदाणे घालत नाहीत. खिरीतही नाही. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नलूताईंना चालत नाहीत. मी आले तेव्हापासून नाही. कायको विचारायचं, काजू घालतो न अपन." मला वाटलं पोटाला सोसत नसतील.

त्याच वर्षी नवरात्रात माझा पहिला भोंडला झाला. आम्ही वाईला हादगा म्हणतो. पाटावर हत्ती, त्याच्याभोवती फेर, गाणी, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची, हे सगळीकडे सारखंच. पण आमच्या गल्लीत एक चाल वेगळी आहे. घरातल्या सर्वांत धाकट्या सुनेला हत्तीशेजारी मधोमध उभं करतात आणि बाकीच्या भोवती फिरत तिच्याकडे बोट दाखवून गातात...

तुपाची वाटी रिकामी कशी गं, रिकामी कशी?
विचारा धाकट्या वहिनीला!
गुळाचा खडा चाटला कुणी गं, चाटला कुणी?
विचारा धाकट्या वहिनीला!

असा घरातला एकेक जिन्नस नाहीसा होत जातो आणि दर वेळी बोट वहिनीकडे. वहिनीनं मान हलवत, हसत उभं राहायचं. सगळ्या मजेत होत्या आणि मी तर खूशच झाले, कारण हे गाणं मला येत होतं! वाईच्या शाळेत आम्ही हेच गाणं म्हणायचो. परक्या गावात आपल्या शाळेचं गाणं भेटलं, याचा केवढा आनंद झाला मला. त्यांचं गाणं संपलं, फेर थांबला, आणि मी मधे उभ्याउभ्या म्हटलं, "अहो, शेवटचं कडवं राहिलं!" आणि एकटीनंच म्हणून दाखवलं.

बेदाणे गेले कुणीकडं गं, कुणीकडं?
विचारा धाकट्या नणंदेला!
नणंदेच्या ओच्यात बघू नका गं, बघू नका,
वहिनी नाही सांगायची!

मुलींना हे भलतंच आवडलं. घरातली नणंद कोण, तर सासूबाईंची, नलूआत्या. सगळ्या जणी वळून त्यांच्याकडे बोटं नाचवायला लागल्या. आत्या खिरापतीचा पितळी डबा छातीशी धरून दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. राग असता तर मला समजला असता. त्या माझ्याकडे एकटक बघत राहिल्या, स्टेशनवर खोटं तिकीट दाखवणाऱ्याकडे बघावं तशा, आणि डबा सासूबाईंच्या हातात देऊन आत निघून गेल्या. मी मनात म्हटलं, झालं. नव्या सुनेनं चारचौघांत आत्यासासूला चोर ठरवलं. सासूबाई म्हणाल्या की असं कडवं आम्ही इथं कधी ऐकलं नाही, आणि त्याही जरा संशयानं माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना चौकशी सुरू झाली.

"ते शेवटचं कडवं तुला बोललं कोण?"

"शाळेत शिकवलं, आत्या."

"शाळेत कोण?"

"शिवणाच्या बाई. त्याच आमचा हादगा बसवायच्या."

"नाव काय त्यांचं?"

"आम्ही बाईच म्हणायचो."

"मतलब नाव नाही माहिती," असं म्हणून त्यांनी गवारीची शेंग कटकन मोडली.

तिथून पुढं कित्येक वर्षं हे चालू राहिलं. मधे महिने जायचे, मला वाटायचं मिटलं, आणि एखाद्या दिवशी कपडे वाळत घालताना मागून प्रश्न यायचा. त्या शिवणाच्या बाई उंच होत्या का? केस लांब होते? रागवायच्या का मुलींना? मुलंबाळं होती? मी आठवेल तसं सांगायची. बाई उंच होत्या, आवाज बारीक, एकट्या राहायच्या, रागवायच्या नाहीत पण खोटी शिलाई उसवून परत घालायला लावायच्या. आत्या ऐकून घ्यायच्या आणि "हं" म्हणायच्या. पुढच्या खेपेला तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं विचारायच्या, उत्तर जुळतं का ते बघायला. मला याचा फार त्रास व्हायचा. मला वाटे, या बाईनं माझ्याविरुद्ध खटला उभा केलाय. मी खरंच त्या शाळेत होते का, मी सांगते ते माझं माहेर खरं का, अशी माझी मलाच शंका यायला लागली होती. नवऱ्याकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "अगं, ती सगळ्यांचीच पूछताछ करते. नोकरीच ती होती तिची." मला ते पटायचं नाही. मग मीही त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. एका घरात दोन संशयी बायका, बिचाऱ्या सासूबाईंचे हाल झाले.

आणि नजर ठेवली म्हणून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या बाईला प्रत्येक गाण्याचा जन्मदाखला हवा असायचा, ती या एका गाण्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. दर नवरात्रात ते गाणं व्हायचं, मी मधे उभी असायची, आणि आत्या दारात डबा धरून, ओठ मिटून. गल्लीत एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांना इतिहासाची हौस. त्यांच्या मते हे गाणं संस्थानी काळातलं, कुठल्याशा सरदाराच्या घरातलं, आणि त्यातली धाकटी वहिनी म्हणजे प्रत्यक्षात एक राजकारणी बाई, तूप म्हणजे खजिना वगैरे. एरवी अशा माणसाला आत्यांनी सोलून काढला असता. पण त्या ऐकून घ्यायच्या आणि उठून पाणी आणायला जायच्या. मला हे फारच संशयास्पद वाटायला लागलं. माणूस सगळ्यावर बोलतो आणि एकाच ठिकाणी गप्प बसतो, तेव्हा त्या ठिकाणी काहीतरी पुरलेलं असतं असं मला वाटतं, आणि हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

काही वर्षांपूर्वी एका महिला मंडळात 'आपली पारंपरिक गाणी' असा कार्यक्रम होता. आत्यांबरोबर मी गेले. तेच गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते आणि त्यांनी हे गाणं घेऊन दोनशे वर्षं मागं नेऊन ठेवलं. टाळ्या पडल्या. आत्या उभ्या राहिल्या. "हे गाणं दोनशे वर्षांचं नाही." गृहस्थ गोड हसून म्हणाले, "नलूताई, याला आधार काय आपल्याकडे?" आत्या म्हणाल्या, "आधार नाही. मला माहिती आहे." आणि खाली बसल्या. बायका हसल्या. दुसऱ्याकडे जन्मभर पुरावे मागितलेल्या बाईची अशी फजिती झालेली बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी त्यांना घेऊन लगेच निघाले.

परतताना ऑटोत बसल्यावर त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "भिया, जल्दी नाहीये, आराम से चलो." मग रस्त्याकडे बघत मला म्हणाल्या, "बेदाणे मीच खाल्ले होते. गाणं पण मीच जोडलं."

त्या बोलत राहिल्या. आत्या तेव्हा दहाएक वर्षांच्या, परकरातल्या. घरात बापूंचं, म्हणजे त्यांच्या मधल्या भावाचं, नुकतंच लग्न झालेलं. बायको देशावरची, लग्नात नाव कुसुम ठेवलेलं. थोरली वहिनी आधीची, म्हणून ही धाकटी वहिनी. तिचं बोलणं वेगळं, हसणं मोठ्यानं, आणि घरातल्या म्हाताऱ्या मंडळींना ते खुपायचं. आत्यांना बेदाणे फार आवडायचे. सणासाठी आणलेली बरणी त्या ओच्यात मूठमूठ घेऊन संपवत होत्या. एक दिवस आईनं बरणी उघडली आणि कडाडून विचारलं, कुणी खाल्ले? "मला काही सुचलंच नाही ग. मी म्हटलं, विचारा धाकट्या वहिनीला. असं चालीतच म्हटलं. खेळत होती न मी. सगळे हसले. मग मी तूप जोडलं, गूळ जोडला. संध्याकाळी मैत्रिणींना शिकवलं. त्या नवरात्रात गल्लीतल्या साऱ्या मुलींनी तिला मधे उभं केलं... ती हसत होती. मेधा, ती मधे उभी राहून हसत होती." दिवाळीला कुसुमवहिनी माहेरी गेली, ती परत आली नाही. बापू आणायला गेले आणि एकटेच आले. घरात तिचं नाव निघेनासं झालं. बापू लवकर वारले. दहा वर्षांच्या मुलीला कुणी कारण सांगितलं नाही, म्हणून तिनं ते आपलं आपण ठरवलं. आणि गाणं मात्र कुणी थांबवलं नाही, उलट धाकट्या सुनेला मधे उभं करायची गल्लीत रीतच पडली.

"आत्या," मी म्हटलं, "मूठभर बेदाण्यांवरून कुणी नांदणं सोडून जात नाही."

"हे तुला बोललं कोण?" त्या म्हणाल्या. घराच्या वळणावर ऑटो थांबला तरी त्या उतरल्या नाहीत. "ते कडवं ऐकवलंस न तू. 'वहिनी नाही सांगायची.' मला वाटायचं तिला माहितीच नव्हतं. कोणालाच नव्हतं. माझा ओचा कोणी बघितला नव्हता..." मग माझ्याकडे वळून, तीच जुनी नजर लावून, "तू तर नाही न जोडलं?"

"मला तेव्हा बेदाण्यांचं काय माहिती होतं, आत्या?"

"हां, ते पण बरोबर. पण घरात कोणी सांगितलं असेल तर?" म्हणजे इतकी वर्षं त्या माझी नाही, त्या कडव्याची चौकशी करत होत्या. ते त्यांना खरं हवं होतं, फार हवं होतं, आणि म्हणूनच त्यांचा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. मला एकदम त्यांची इतकी कीव आली, आणि इतकं प्रेम वाटलं, की मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला आणि ऑटोवाल्याच्या मीटरवर शंका काढली.

मग मी कामाला लागले. आईला वाईला फोन केला. आई म्हणाली, शिवणाच्या बाई जाऊन बरीच वर्षं झाली. "उत्तरेकडं कुठंशी दिल्या होत्या म्हणतात. नांदल्या नाहीत. माहेरचंच नाव लावायच्या. का गं?" माहेरचं नाव कळूनही उपयोग नव्हता, कारण कुसुम हे इंदूरचं नाव, आणि लग्नाआधीचं तिचं नाव इथं कुणालाच आठवत नव्हतं. उत्तरेकडं म्हणजे ग्वाल्हेर, देवास, झाशी, काहीही असू शकतं, असं आत्याच म्हणाल्या. एक दिवस मला पोहे करताना आठवलं. मी त्यांना सांगितलं, "आत्या, शाळेच्या सहलीला बाई पोहे आणायच्या, त्यावर शेव घातलेली असायची. आणि पुडीतून कसलासा खमंग मसाला भुरभुरायच्या. आम्ही हसायचो, हे काय पोह्यांवर म्हणून." आत्यांची कोथिंबीर चिरणारी सुरी थांबली. आमच्या ओट्यावर जीरावनची बाटली होती, इंदुरात पोह्यांवर घालतात तो मसाला. त्यांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "पोह्यांवर शेव कोणी पण टाकतं."

"वाईत नाही टाकत. तेव्हा तर कुणीच नाही."

"हं," म्हणून त्या गॅलरीत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. पोहे गार झाले. मी बोलवायला गेले नाही, कारण त्या रडत होत्या आणि ते मला दिसलेलं त्यांना चाललं नसतं.

शिवणाच्या बाई म्हणजेच कुसुमवहिनी, असं मी छातीठोकपणे आजही सांगू शकत नाही. आत्यांच्या हाताखाली तयार झाल्यावर तसं सांगायला जीभ रेटत नाही. कदाचित इथली एखादी मुलगी लग्न होऊन तिकडं गेली असेल आणि गाणं घेऊन गेली असेल. कडवं कुणी गमतीनं जोडलं असेल. पण मला वाटतं, त्या बाईंनी आपल्यावरचं गाणं टाकून दिलं नाही. दूरच्या गावातल्या मुलींना शिकवलं, आणि शेवटी आपलं उत्तर जोडून दिलं, तेही त्या लहान मुलीला सांभाळून घेत. ते फिरत फिरत ज्या घरी पोचायचं त्या घरी पोचलं. माझा यात फक्त हमाली करण्यापुरता भाग.

गेल्या नवरात्रात आत्या थकल्या होत्या, पण खिरापत मीच करणार म्हणून हट्ट धरला. आता ते शेवटचं कडवं गल्लीतल्या सगळ्या मुलींना येतं, माझ्या लेकीनं शिकवलंय. मी नेहमीसारखी मधे उभी होते. गाणं सुरू झालं आणि दारातून एक जाडसर, घोषणा करावी तसा सपाट आवाज आला. आत्या गात होत्या. शेवटच्या कडव्याला मुली त्यांच्याकडे वळून बोटं नाचवायला लागल्या, आणि आत्यांनी स्वतःचंच बोट स्वतःकडे केलं. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी हत्तीकडे बघत राहिले.

मग खिरापत ओळखायची. पितळी डबा आत्या दर वर्षी प्रत्येकीच्या कानाशी हलवायच्या, दुसरीला हात लावू द्यायच्या नाहीत, मुली झाकण किलकिलं करतात असा त्यांना संशय. लाडू, करंजी, चिवडा, खोबऱ्याची वडी, सगळं म्हणून झालं. शेवटी डबा माझ्या कानाशी आला. आत काहीतरी मऊ, बारीक, एकावर एक घसरत होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला समजलं होतं आणि मला समजल्याचं त्यांना समजलं होतं. मी म्हटलं, "नाही बाई ओळखता येत."

"पक्का?"

"पक्का."

त्यांनी झाकण काढलं. नुसते बेदाणे. मुली नाराज झाल्या, "आजी, एवढंच?" आत्यांनी एक बेदाणा उचलला, उजेडाकडे धरून नीट बघितला आणि तोंडात टाकला. सासूबाईंनी डोळे विस्फारले. चघळून झाल्यावर आत्या म्हणाल्या, "आंबट आहेत. दुकानदार बदलायला पाहिजे."

त्यांच्या तेराव्याला गोडाचा स्वयंपाक होता. शिरा माझ्याकडे आला. त्यांच्या कपाटात तो पितळी डबा तसाच ठेवलेला होता, तळाशी थोडे बेदाणे उरलेले. मी डबा कानाशी नेऊन एकदा हलवला... मग सगळे शिऱ्यात घातले. पंगत बसली, पहिला घास घेतला आणि सासूबाईंचा हात थांबला. "शिऱ्यात बेदाणे? कोणी टाकले ग?" वाढणाऱ्या थांबल्या, जाऊबाई थांबल्या, आणि सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. माझे डोळे भरून आले होते, तरी मला हसू फुटलं. मी म्हटलं, "मी नाही सांगायची."